वेणूबाई, याला रडू द्या

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना संस्कृत आणि तर्क शिकवला. प्रमाणावाचून बोलू नये, हा माझा शिरस्ता. या प्रसंगाला माझ्याजवळ प्रमाण एकच आहे... माझे स्वतःचे कान.

ज्यांना पटणार नाही, त्यांनी येथेच थांबावे. माझी हरकत नाही.

गेल्या पौषातली अमावास्या. वेळ तिन्हीसांजेची. स्थळ, आगरदांड्याच्या खाडीकाठचे एक कौलारू घर.

पत्नी निवर्तल्यानंतर मी ते घर काळूराम नावाच्या बोटमालकाकडून भाड्याने घेतले. चावी हातात ठेवताना त्याने एकच अट घातली होती.

"गुरुजी, या घरात कुनाचं बाळंतपन करायचं न्हाय. जनावराचं पन न्हाय."

मी हसलो होतो. सत्तरी ओलांडलेल्या विधुराला ही अट!

परंतु गार्गीने अट ऐकली नव्हती. गार्गी म्हणजे माझी मांजर. पत्नीच्या अखेरच्या आजारात ती तिच्या उशाशी बसून असे. त्या घरात माझ्याशी बोलणारी आता तेवढीच उरली होती. आणि ती पहिलटकरीण होती.

माजघरात टोपली ठेवून मी तीत जुने धोतर अंथरले. मुरुडच्या जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सर्व समजावले होते. पिल्लाभोवतीची पिशवी आईने फाडली नाही, तर आपण फाडावी. नाक पुसावे. कोरड्या पंच्याने चोळत राहावे... ते रडेपर्यंत.

गार्गी धापा टाकू लागली, तेव्हा दारात सोनूबाई येऊन उभ्या राहिल्या. काळूरामच्या मातोश्री. त्या शेजारच्या नव्या घरात राहतात. मी राहायला आल्यापासून उंबरठ्याच्या आत मात्र त्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते.

"गुरुजी, अजून बी आइका. टोपली उचला नि माज्या पडवीत आना."

"कळा सुरू झाल्या आहेत, सोनूबाई. आता तिला हलवणे योग्य नव्हे."

"मंग काय, पोथी वाचून मांजरीचं बाळंतपन करनार व्हय?"

"पोथीत हे प्रकरण नाही. म्हणून तर डॉक्टरांना फोन केला."

त्या हसल्या नाहीत.

"आमची शेळी बी या घरात येकदाच व्याली, परत न्हाय. कोंबडीची अंडी पन मी भायेर उबवाया ठेवायची."

"जन्माला येणाऱ्याला उंबरठ्याबाहेर काढणारा मी कोण?" मी म्हणालो आणि टोपलीपाशी मांडी घालून बसलो.

पहिले पिल्लू बाहेर आले.

गार्गीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

कान मागे पाडून ती एकटक पाहत होती... देवघराशेजारच्या रिकाम्या कोपऱ्याकडे.

मी पिशवी फाडली. नाक पुसले. पंच्याने चोळू लागलो. पिल्लाची छाती हलली. तोंड उघडले. आता रडणार, एवढ्यात...

थप... थप... थप...

तळहाताने कुणीतरी थोपटत होते. हळुवार, एका लयीत.

दिवा गेला नाही. वारा सुटला नाही. उलट, दिघीकडे निघालेल्या फेरीबोटीचे इंजिन इतका वेळ ऐकू येत होते, ते ऐकू येईनासे झाले. खाडीचे पाणी गप्प झाले. उरले फक्त ते थोपटणे.

आणि प्रत्येक थापेसरशी माझ्या हातातले पिल्लू शांत होत गेले.

"सोनूबाई," मी मागे न पाहता विचारले, "कोण थोपटते आहे?"

त्यांनी दाराची चौकट धरली.

"वेणूबाय. माजी थोरली जाऊ. तिचं पोर हितंच झालं. रडलंच न्हाय, गुरुजी. तिला वाटलं, निजलंय. रातभर मांडीवर घेऊन थोपटत बसली. आमी घ्यायला गेलो तर म्हनं, हळू बोला, उठंल त्ये..."

"आणि ती?"

"ती बी गेली. तवापास्नं या घरात जे जन्मतं, त्ये निजतं."

पिल्लू गार पडू लागले होते.

मला मंत्र येत नाहीत असे नाही. पण आईवर मंत्र कसला टाकायचा? भीती वाटत होती, हे नाकारत नाही. तिच्याहून मोठा होता तो संताप.

"वेणूबाई," मी मोठ्याने म्हणालो, "तुमचे दुःख मला वंद्य आहे. परंतु हे निजलेले नाही. हे निजता कामा नये. याला रडू द्या."

थप, थप, थप, थप... लय वाढली.

"गुरुजी, ठेवा त्ये खाली! भायेर या!" सोनूबाई ओरडल्या.

मी उठलो. बाहेर गेलो नाही. पिल्लू पंच्यात धरून सरळ त्या कोपऱ्यात गेलो आणि दोन्ही हात पुढे केले.

"घ्या. स्वतः हात लावून पाहा. याच्यात अजून ऊब आहे."

थोपटणे थांबले.

माझ्या तळहातांवरचा भार वाढला. पिल्लाच्या पाठीवरचे ओले केस... दाबले गेले. एका तळव्याएवढे.

आणि पिल्लू रडले! एवढासा जीव, पण आवाज दारापर्यंत गेला. दारातल्या सोनूबाईंनी हात जोडले.

फेरीबोटीचे इंजिन पुन्हा ऐकू आले. गार्गी टोपलीतून उतरून माझ्या पायांशी आली. मी खाली बसलो, तशी ती पिल्लाला चाटू लागली. पुढची पिल्ले जन्मताच रडली.

येथे हकीकत संपावी, अशी माझीही इच्छा आहे.

परंतु रोज तिन्हीसांजेला ते पहिले पिल्लू टोपलीत नसते. त्या कोपऱ्यात सापडते. गाढ निजलेले. पाठीवरचे केस चापूनचोपून बसलेले. गार्गी त्याला तेथे नेत नाही. ती माझ्या मांडीवर असते.

मी त्याला उचलतो, चोळतो, रडवतो. मग आईपाशी ठेवतो.

काळूराम घर सोडा म्हणतो. मी नाही म्हणून सांगितले. पिल्लांना दूर नेऊन पाहा, असेही तो म्हणाला. या घरात जन्मलेले या घरातच वाढेल. मीही हट्टी आहे, आणि वेणूबाईंनाही ते आता कळले असावे.

काल मात्र त्याला रडायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

आज मी पंचा घेऊन आधीच कोपऱ्यात येऊन बसलो आहे.