रिकाम्या जागेतला आकडा

पंपघरातला जुना कंट्रोलर मोडीत निघाला आणि नवा बसवायचं काम कंपनीच्या त्या तरुण इंजिनियर बाईच्या गळ्यात पडलं. टाक्यांवरची मीटरं कंट्रोलरशी सिरियल पोर्टच्या केबलवरून बोलायची. ते बोलणं चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, वीस वर्षांपूर्वीचा. त्याच्या हिशेबाने पोर्टच्या चिपमधले रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवायचे कप्पे, एकमेकांना खेटून असायला हवेत. नव्या बोर्डावर ते चार-चार पत्ते सोडून होते. त्यामुळे जुना ड्रायव्हर भलत्याच दारावर थाप मारत होता. तिने अंतर दुरुस्त केलं आणि दुपारी चाचणी लावली.

चाचणी साधी. चिपमध्ये एक रजिस्टर बिनकामाचं असतं, बाहेरच्या कशालाही न जोडलेलं. त्यात आकडा लिहायचा, परत वाचायचा. तोच आला तर पत्ता बरोबर.

तिने ८५ लिहिला. ७२ आला.

पुन्हा लिहिला. ७४. केबल काढून टाकली. ७१. दुसरा बोर्ड लावला. ७३. बाकीचे सगळे रजिस्टर मात्र सांगितलं तसं वागत होते.

पंपघर सांभाळणारे काका डबा उघडून बसले होते. नव्या यंत्राला एवढ्यातच लहर येते का, म्हणून त्यांनी थट्टा केली. ती हसली नाही. रोज सकाळी आईचा रक्तदाब मोजताना त्या छोट्या यंत्रावर नाडीचे असेच आकडे हलत. दोन वर, तीन खाली.

तेवढ्यात ६० आला. मग ५२.

"काका," ती म्हणाली, "आत्ता टाकीत कोणी उतरलंय का?"

हे आपण का विचारलं, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. काकांचा घास हातातच राहिला. त्यांचा धाकटा भाऊ दोन नंबरची टाकी धुवायला उतरला होता, आणि तोंडाशी उभा राहणारा माणूस जेवायला गेला होता.

दोघं धावत सुटली. हाका मारल्या, उत्तर नाही. कमरेचा दोर ओढून त्याला वर काढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. टाकीतली हवा खराब झाली होती. बाहेर आल्यावर त्याने मोठा श्वास घेतला. अँब्युलन्समधल्या डॉक्टरने मनगट धरलं आणि नाडी चौऱ्याण्णव असल्याचं सांगितलं. काका ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले.

ती आत येऊन सामान आवरू लागली. पडद्यावर मात्र ३१ होता, चौऱ्याण्णव नव्हे.

तो बराच वेळ ३१च राहिला. तिने चाचणी चालूच ठेवली.

चार वाजता गावाला पाणी सोडायचं होतं, त्याआधी टाकी भरायला हवी होती. काकांनी त्याच टाकीत दिवा फिरवून पाहिला, झाकण आवळलं आणि भरायचा व्हॉल्व्ह उघडला. मीटरवर पाण्याची पातळी चढू लागली.

एक फूट. पडद्यावर ४४.

दोन फूट. ७०.

"काका, आत कोणी नव्हतं ना?"

"कोपरान् कोपरा पाहिला मी."

साडेतीन फूट. १३६.

"बंद करा," ती म्हणाली.

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि न विचारता व्हॉल्व्ह फिरवला. पाणी थांबलं. थोड्या वेळाने आकडा उतरू लागला, धाप लागलेल्या माणसाची नाडी उतरते तसा, सावकाश.