सहावी रेल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, मग मधे बोलायचं नाही. धाकट्या मिस्त्रीनं हे मला स्वतः सांगितलंय, आणि तो थापा मारण्यातला नाही.

थोरला आणि धाकटा, दोघे भाऊ क्लबातल्या त्या काठीनं बॉल ढकलायच्या खेळाची, पूलची टेबलं बांधायचे. गेल्या फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी क्लबच्या मालकानं धाकट्याला जुन्या टेबलाचं रबर बदलायला बोलावलं. टेबलाच्या कडेनं सहा लाकडी रेल असतात. त्यांच्या आतल्या अंगाला रबराची पट्टी, तिच्यावर आपटून बॉल परत येतो. पट्टी नुसती ठेवायची आणि चिकटवायची. ताणून बसवली की ती मागं ओढ घेते, आणि बॉल तिथं जाऊन मरतो.

थोरल्यानं हे शिकवलं होतं. तरी काही वर्षांपूर्वी याच टेबलाच्या सहाव्या रेलला पट्टी दोन बोटं तोकडी पडली, तेव्हा धाकट्यानं नवी आणायच्या कंटाळ्यापायी ती ओढून बसवली. टेबल बिघडलं. खापर थोरल्यावर फुटलं आणि धाकटा मूग गिळून बसला. थोरल्याला पुन्हा कुणी काम दिलं नाही. त्याच झुरणीत तो गेला.

"तुझ्या भावानं नासवलेलं टेबल आहे," किल्ली देताना मालक म्हणाला. "तू तरी नीट कर बाबा."

"करतो," धाकटा म्हणाला. त्याची त्यालाच लाज वाटली, पण लाजेनं जीभ सुटत नाही.

क्लब बंद झाल्यावर त्यानं आतून कडी लावली. मध्यरात्र उलटेपर्यंत पाच रेल झाल्या. सहावीची पट्टी त्यानं मुद्दाम चार बोटं जास्त कापली होती. लाकडाला गोंद लावला आणि डावीकडून पट्टी ठेवत ठेवत उजवीकडे आला.

दोन बोटं तोकडी.

गोंद ओला होता तोवर त्यानं ती उचलली. मोजली. माप बरोबर. पुन्हा ठेवली. तोकडीच.

मनात आलं, जराशी ओढली तर... कोण बघतंय?

त्यानं टोक धरून ओढलं.

दुसरं टोक कुणीतरी धरलं होतं.

ओढत नव्हतं हो. नुसतं अंगठ्यानं दाबून धरलेलं. थोरला धरायचा तसं...

मान वर करायची हिंमत होईना.

"दादा...?"

अंगठ्याचा दाब तसाच.

"दादा, तेव्हा ती मी ओढली होती."

...

"वहिनीलासुद्धा नाही सांगितलं."

हातातलं टोक सैल झालं. पट्टी आपसूक बसत गेली. पार शेवटपर्यंत. वर चार बोटं उरली.

सकाळी मालक आला, तर धाकटा तिथंच बसलेला. त्यानं सगळं सांगून टाकलं. मालक त्याच्या शेजारी येऊन बसला.

"अरे, थोरला इथंच उभा राहून म्हणाला होता, 'पट्टी मी ओढली, धाकट्याला बोलू नका.' मी तर तुझं नावही काढलं नव्हतं."

धाकटा लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून तडक वहिनीकडे गेला.

उरलेला तुकडा त्यानं कापून जपून ठेवलाय. बाकीच्या पाच रेलना लावलं, त्याच गुंडाळीतलं रबर. "काका, ओढून बघा," म्हणाला. मी ओढलं. दोन्ही हातांनी, होतं नव्हतं तेवढं बळ लावून...

रबरच आहे. दाबलं की दबतं, वाकवलं की वाकतं.

ताणलं मात्र जात नाही.