धुराचा पंखा, बेसमेंट तीन

ही गोष्ट खरी आहे. आईची शपथ घेत नाही, कारण खोटं लिहून खाली सही करणारा माणूस आहे मी. ते कसं, ते पुढे कळेलच.

२२ सप्टेंबर २०२४. रविवार. खराडीतली एक आयटीची बिल्डिंग. नाव सांगत नाही.

वेळ दुपारी अडीच.

हो, दुपारच. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्येची रात्र लागते. पण जमिनीखाली तिसऱ्या बेसमेंटमध्ये दुपार काय आणि रात्र काय... दिवे गेले की सगळं सारखंच.

माझं नाव बद्रीनाथ. गाव मेहकरजवळ. पुण्यात चौदा वर्षं झाली. मोठ्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये धूर ओढणारे पंखे असतात, ते बसवायचे आणि सांभाळायचे, हे माझं काम. गाडी लावताना छताला लागून पत्र्याचा चौकोनी बोगदा दिसतो ना, तो डक्ट. त्याच्या तोंडाशी जाळी असते. आग लागली की पंखा आपोआप सुरू होतो, जाळीतून धूर आत ओढतो आणि वर नेऊन बाहेर फेकतो. एरवी तो वर्षभर गप्प पडून असतो. म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही.

मला हे काम अनंतरावांनी शिकवलं. बुधवार पेठेत जन्म गेलेला माणूस, तोंडाचा तिखट. त्यांच्या पिशवीत पाना-पकडीबरोबर उदबत्तीचा पुडा असायचा. पंखा चालू केला की जाळीसमोर उदबत्ती धरायची. धूर आत गेला, तर पंखा बरोबर. तोंडावर आला, तर पंखा उलटा फिरतोय. मोटरच्या तीन वायरींपैकी दोन जोडताना अदलाबदल झाल्या की तो उलटा फिरतो. आवाज तोच असतो. नुसतं ऐकून काही कळत नाही.

एकदा मी आवाज ऐकून "ओके आहे" म्हणालो.

"वा," अनंतराव म्हणाले. "बायकोही फोनवर आवाज ऐकूनच पसंत केली होती का आपण?"

त्यांची दुसरी शिकवण ठोक्यांची. साफसफाईला एक जण डक्टमध्ये शिरतो, दुसरा बाहेर पॅनेलपाशी, म्हणजे पंख्याच्या स्विचपाशी, थांबतो. मोबाइलला रेंज नसते. म्हणून आतल्याने दर पाच मिनिटांनी पत्र्यावर दोन ठोके द्यायचे. म्हणजे, मी आत आहे. बाहेरच्याने दोन परत द्यायचे. म्हणजे, माहीत आहे.

२०२१ला ते निवृत्त झाले. मग मीच साहेब झालो.

त्या बेसमेंटमध्ये झाडू मारायला तुळजाबाई होत्या. वाघोलीकडच्या, पन्नाशी उलटलेल्या. लिफ्टजवळ भिंतीवर गणपतीचा फोटो चिकटवलेला होता, त्याला रोज मोगऱ्याची उदबत्ती लावायच्या. अनंतरावांचा पुडा संपला की आपली द्यायच्या, आणि धूर जाळीत शिरेपर्यंत झाडू टेकून बघत उभ्या राहायच्या.

अनंतराव त्यांना सांगायचे, "बाई, कधी आग लागली तर पळापळ करायची नाही. धूर तिकडे जाळीत जातो. आपण इकडे लिफ्टपाशी यायचं. जिन्याचं दार इथेच आहे."

त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

आता माझं सांगतो.

२०२२ची वसुबारस. मला संध्याकाळी पाचची मेहकरची गाडी गाठायची होती. पंख्याची मोटर दुरुस्त होऊन आली होती. मी वायरी जोडल्या, पंखा चालू केला. आवाज दणदणीत. पिशवीत हात घातला, तर पुडा नव्हता.

मागून तुळजाबाई म्हणाल्या, "उदबत्ती देऊ का दादा? माझ्यापाशी हाय."

"नको मावशी. आज गरज नाही."

'पंख्याची दिशा तपासली' असं लिहिलं. सही केली. गाडी मिळाली. खिडकीची जागासुद्धा मिळाली.

डिसेंबरात एका गुरुवारी तिथे चार्जिंगला लावलेल्या स्कूटरची बॅटरी पेटली. आग लहानच होती. धूर फार झाला. पंखा आपोआप सुरू झाला.

तुळजाबाई लिफ्टपाशी सापडल्या. जिन्याचं दार त्यांच्यापासून दहा फुटांवर होतं.

डबा राहिला म्हणून त्या परत खाली गेल्या, असं सगळे म्हणाले. कागदावरही तेच आलं.

पंख्याचं काय जळलंय ते बघायला मलाच बोलावलं. मी वायरींचा जोड उघडला. लाल वायर निळीच्या जागी होती. निळी लालच्या...

पंखा उलटा फिरला होता. सगळा धूर त्याने लिफ्टकडे ढकलला होता.

मी तो जोड कापला आणि भंगारात टाकला. कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तेव्हापासून पिशवीत उदबत्तीचा पुडा मात्र चुकत नव्हता. चोर गेला आणि कुलूप लावलं, तसं ते.

आता त्या रविवारी काय झालं ते.

माझ्याबरोबर धम्मदीप होता. नांदेडचा, माझ्याच बरोबरीचा इलेक्ट्रिशियन. सकाळी त्याने पंख्याची जुनी केबल काढून नवी जोडली होती. मला आत शिरून पाती पुसायची होती. पंखा कुणी चालू करू नये म्हणून पॅनेलला माझं कुलूप लावलं, चावी खिशात टाकली, धम्मदीपला तिथे बसवलं आणि डक्टमध्ये शिरलो.

डोक्याला टॉर्च. गुडघ्यांवर रांगायचं. दोन वर्षांची काळी धूळ.

पान्याने ठोके दिले. ठक... ठक.

बाहेरून परत आले. ठक... ठक.

सगळं नेहमीसारखं. मी पुसत होतो, पाच-पाच मिनिटांनी ठोकत होतो, उत्तर येत होतं.

सहाव्या की सातव्या वेळेला मला काहीतरी खटकलं. धम्मदीप पकडीने ठोकतो, तो आवाज खणखणीत येतो. हा आवाज बोथट होता. लाकडाचा. झाडूच्या दांड्याने मारल्यासारखा...

मनाला म्हटलं, हाताला येईल ते घेतलं असेल त्याने.

पुढच्या वेळी मी पाना उचलला. आणि मी ठोकायच्या आधीच...

ठक... ठक.

हे ठोके बाहेरून आले नव्हते. माझ्या पुढून आले होते. पंख्याच्या पलीकडून, जिथून डक्ट सरळ वर चढतो. तिथे माणूस जाऊच शकत नाही.

पहिले दोन ठोके कोण देतो, ते मला अनंतरावांनी शिकवलं होतं.

मी आत आहे.

मी टॉर्च तिकडे वळवला. पात्यांच्या फटींतून फक्त अंधार दिसला. मग वास आला...

मोगऱ्याचा.

मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही. दोन्ही गुडघे सोलले होते, ते नंतर दिसलं. पॅनेलपाशी कुणी नव्हतं. माझं कुलूप जागच्या जागी. धम्मदीपची पकड खुर्चीवर.

तो दहा मिनिटांनी जिन्याने खाली आला.

"कुठे होतास?"

"वर. सिक्युरिटीवाल्यानं गेटपासवरून अडवून ठेवलं, भाऊ. पावणेतीनलाच गेलो मी."

घड्याळात साडेतीन वाजले होते.

"मग ठोके कोण देत होतं?"

"कुठले ठोके? कुलूप तुझं, चावी तुझ्या खिशात, मी काय इथं पुतळ्यासारखा बसू?" मग त्याने माझं तोंड बघितलं. "बद्रीभाऊ... पाणी पी आधी."

पाणी प्यायलो.

"पूर्णिमा मॅडम वर रिपोर्टसाठी थांबल्यात," तो म्हणाला. पूर्णिमा मॅडम म्हणजे बिल्डिंगच्या फॅसिलिटी मॅनेजर. "चालू करू, सही देऊ, अन् निघू."

मलाही तेच हवं होतं. खोटं कशाला बोलू?

कुलूप काढलं. पंखा सुरू केला. पत्रा थरथरायला लागला. आवाज दणदणीत.

पिशवीतून पुडा काढला. नवा होता, वरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. फाडला.

आत एकही काडी नव्हती...

पुडा उलटा केला, झटकला. नुसता वास.

वीस फुटांवरून धम्मदीप हाताने खुणा करत होता. चल, चल. मी रिपोर्टचा कागद बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी सोमवार. तीन बेसमेंट गाड्यांनी भरणार, वर दोन हजार माणसं बसणार. सगळं मला कळत होतं. तरी मी पेनाचं टोपण काढलं. भीती अशी असते की माणूस त्याच खड्ड्यात दुसऱ्यांदा उडी मारतो.

त्या पंख्याजवळ शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही.

हे मात्र कानाशी आलं. हळू, रोजच्या आवाजात...

"उदबत्ती देऊ का दादा?"

मी वळलो नाही. वळायची हिंमतच नव्हती. रडू येत होतं, ते लपवलं नाही.

"द्या मावशी," मी म्हणालो. आणि हात मागे केला.

हातात एक काडी आली.

मी ती पेटवली. काडेपेटीच्या तीन काड्या विझल्या, चौथी लागली. जाळीसमोर धरली.

धूर सरळ माझ्या तोंडावर आला.

धम्मदीप धावत आला. धूर पाहून काय ते समजला. त्याने पंखा बंद केला, जोड उघडला, दोन वायरी बदलल्या. पुन्हा चालू केला. उदबत्ती अजून जळत होती. धूर वळला आणि जाळीत शिरला, थेट.

मग मी मागे बघितलं. कुणी नव्हतं. गणपतीच्या फोटोखाली भिंतीवर जुना काळा डाग होता, तो तेवढा दिसला.

धम्मदीप म्हणतो, काडी तू पिशवीतूनच काढली असशील. मी विचारलं, मला काढताना बघितलंस का? तर पिशवी उचलून चालू लागतो. त्या बिल्डिंगमध्ये तो पुन्हा आलेला नाही.

पुढच्या रविवारी मी वाघोलीला गेलो. तुळजाबाईंची मुलगी, द्वारका, दोन खोल्यांत राहते. दारातच उभं राहून सगळं सांगितलं. वसुबारस, गाडी, सही, कापलेला जोड. आत बोलवायची वेळच दिली नाही तिला.



"आईनं डबा नेलाच नव्हता," ती म्हणाली. "मार्गशीर्षातला गुरुवार व्हता. उपास असायचा तिला. मी सगळ्यांना सांगितलं, कुणी ऐकलं नाही. मग मलाच वाटायला लागलं, नेला असंल." तिने पदर तोंडाला लावला. "दोन वर्षं मी तिच्यावर राग धरला हो. एका डब्यापायी गेली म्हणून."

मी तिच्या पायाशी वाकलो. ती मागे सरली.

"आता जावा तुम्ही."

गेलो.

पूर्णिमा मॅडमनाही सगळं लिहून दिलं. पहिल्यांदाच खरं लिहून खाली सही केली. त्या प्रकरणाचं जे व्हायचं ते चालू आहे. माझी सही आता कुठल्या रिपोर्टवर घेत नाहीत. कागद धम्मदीप भरतो. जाळीसमोर उदबत्ती धरायचं काम तेवढं माझ्याकडे ठेवलंय.

वाटलं होतं, सांगून टाकलं की सुटेन.

गेल्या महिन्यात हिंजवडीत एका नव्या बिल्डिंगचा पंखा सुरू करायचा होता. तुळजाबाईंनी ती जागा कधी पाहिलेली नाही. सकाळचे अकरा वाजले होते, वर ऊन लखलखत होतं. पंखा पूर्ण वेगात. उदबत्तीचा धूर झरझर जाळीत जात होता. सगळं बरोबर.

आणि मग आतून... फिरत्या पात्यांच्या पलीकडून...

ठक... ठक.

धम्मदीपने झडप घालून पंखा बंद केला. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं. आत कुणी आहे का म्हणून त्याने माणसं मोजली. आम्ही पाच जण होतो, पाचही बाहेर होतो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पाना उचलला आणि पत्र्यावर दोन ठोके परत दिले.

माहीत आहे.