स्वेटरला लावलेला बिल्ला

माझा थोरला उजेडाचा शास्त्रज्ञ. घरातला दिवा लाव म्हटलं, तर मात्र चारदा सांगावं लागतं. काही खडे म्हणे किरणं पिऊन बसतात. अंधारात तापवले की प्यायलेलं सगळं उजेड करून बाहेर टाकतात आणि रिकामे होतात. मग परत कितीही तापवा, ढिम्म. तो उजेड मोजण्यात पोराची हयात गेली. कुणी विचारलं तर मी सांगायची, "खडे भाजतो." पण त्यावर दुसऱ्या कुणी हसलेलं मला खपत नसे.

त्यांच्या प्रयोगशाळेच्या तळघरात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. आत तसल्याच खड्याची चकती. माणसाला किती किरणं लागली, ते महिनाअखेरीस चकती तापवून बघतात आणि रिकामी करून परत देतात. यंदा याची चकती भरलेली निघाली. किरणांच्या पेटीकडे तो कित्येक महिने फिरकलासुद्धा नव्हता. साहेबांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर तळघर बंद. निवृत्तीपर्यंत वर खुर्चीत बसून राहायचं.

त्या संध्याकाळी तो बूट न काढताच माझ्या पलंगावर येऊन बसला. शर्ट नेहमीसारखा माझ्या दारामागच्या खुंटीला टांगला, बिल्ल्यासकट.

"निवृत्तीला थोडंच राहिलं होतं गं," म्हणाला. "दमलोय मी."

"बिल्ला मला दे. मी दवाखाना सोडला तर कुठे जाते? माझ्याजवळ राहिला की कोरा निघेल."

"ही लबाडी आहे, आई."

"असू दे. खरेपणाबद्दल मला कुणी हार घालणार नव्हतंच."

सूनबाईनं तो माझ्या स्वेटरला आतल्या बाजूनं लावला. "आता तुम्हीपण शास्त्रज्ञ झालात," म्हणाली.

"मग चहा जरा मानानं आणत जा."

महिना संपला. साहेबांकडे देण्याआधी त्यानं चकती स्वतःच तापवून बघितली, आणि भर दुपारी घरी आला.

"कोरा ना?"

"मापाच्या बाहेर."

"मग परत तापव. रिकामी होईल."

"तापवली. तेवढाच उजेड. परत तापवली, परत तेवढाच." नळ गळतोय हे सांगावं, तसं सांगितलं त्यानं.

सूनबाई कप घेऊन दारात उभी होती. तिनं कप बाहेरच्या स्टुलावर ठेवला आणि निघून गेली. तेव्हापासून माझा चहा त्या स्टुलावरच असतो. मी उठते, घेते. विचारत नाही.

"आई, उद्या माझ्याबरोबर येशील?"

इतक्या वर्षांत त्यानं मला तिकडे कधी नेलं नव्हतं. मी ठेवणीतली साडी नेसले.

जिना खाली उतरत जातो. त्यानं माझं कोपर धरलं होतं, सैलसं. खोलीच्या भिंती काळ्या, छताला एकच लाल दिवा, तापलेल्या धुळीचा वास. बिल्ला त्यानं खिशातून काढला आणि दाराबाहेर ठेवला. मला खुर्चीवर बसवलं. दार लावून खालच्या फटीशी काळं कापड सारलं.

यंत्राला त्यानं हातही लावला नाही.

"खडा कुठाय तुझा?" मी विचारलं.

त्यानं लाल दिवा मालवला.

"हलू नकोस, आई."

मी हलले नाही. गुडघे तसेही दुखत होते.

त्याची पावलं माझ्या खुर्चीभोवती एकदा फिरली. मग म्हणाला, "आता साहेब मला तळघरातून काढणार नाहीत."

आवाजात शीण नव्हता. लहानपणी बक्षीस घेऊन यायचा, तेव्हाचा आवाज होता.

"बरं झालं," मी म्हटलं. "पण घरी कधी जायचं?"

तो जवळ येऊन माझ्यापुढे वाकला.

त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं. दोरा लोंबत होता, निळा. दिवा मालवलेलाच होता, तरी मला नीट दिसत होता.