आठ वाजताचा नंबर

श्रुतिका भाजीची पाटी घेऊन पोलादपूरच्या नाक्यावर धावत आली, तेव्हा माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये एकच जागा उरली होती, आणि ती नेमकी ड्रायव्हरशेजारी.

"पाटी मांडीवर घेशील, की मी घेऊ?" ऋत्विकने हसत विचारलं.

"तू गाडी चालव," ती फणकारली. पण टाकळ्याच्या ओल्या जुड्यांनी त्याची बाही भिजली, तेव्हा तिलाच गालातल्या गालात हसू आलं.

ही आषाढातली गोष्ट. मग रोजच ती रानभाजी विकायला महाडला निघाली, की नंबर त्याच्याच जीपचा असायचा. नाक्याचा नियम साधा... पुढची गाडी भरल्याशिवाय मागचीनं निघायचं नाही. भरायला कधी अर्धा तास, कधी पाऊण. तेवढ्या गप्पा व्हायच्या. श्रुतिका याला नशीब म्हणायची. भोळीच होती!

श्रावण सरता सरता ऋत्विक काच पुसत म्हणाला, "सोमवारी मुंबईला चाललो. मित्र शुभम बोलावतोय, मोबाईलवर बुकिंग घेणारी टॅक्सी चालवायला. इथं दोन फेऱ्यांवर काय भागतंय?"

"बरं," ती म्हणाली. पाटीतल्या जुड्या ती उगाच सारख्या करू लागली.

तो चहा आणायला गेला. मागच्या जीपचे ड्रायव्हर हैबतीकाका पुढे आले. "दोनच फेऱ्या होणार गो. रोज पहाटे पयला येतो, नि नंबर दुसऱ्यांना देत बसतो. आठला तू येशील, तवा हा पुढं."

"का पण?"

"आता ते बी मीच सांगू?"

श्रुतिकाला राग आला, आनंदही झाला, आणि दोन्ही एकदम कसे लपवावेत ते कळेना. ऋत्विक चहा घेऊन आला, तशी ती म्हणाली, "मुंबईत गाडी भरायची वाट बघतात काय रे?"

"छे. एक माणूस बसला की निघाली."

"मग गप्पा कधी मारणार?"

तेवढ्यात महाडची एसटी येऊन थांबली, अर्धी रिकामी. "जा," तो हळूच म्हणाला, "लवकर पोचशील."

"रोज येते ही. याच वेळेला."

"मग... कधी चढली का नायस?"

"पोचायची घाई कुणाला होती?" म्हणताना तिचे कान लाल झाले. एसटी निघून गेली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"उद्यापासून पहाटे पयल्या नंबरला येते," ती म्हणाली. "नंबर सोडायचा नाय. पाच फेऱ्या करायच्या."

"पयली गाडी तर लगेच भरते. मग गप्पा—?"

"गप्पा घरात पण मारता येतात. त्यासाठी आधी आमच्या आबांना येऊन विचारावं लागतं."

ऋत्विकने चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवला आणि फोन लावला.

"शुभम, नाय जमत रे," तो म्हणाला. "सोमवारी मला आबांकडं जायचंय."