पाण्यातली गच्ची

माझ्या पहिल्या खऱ्या गिऱ्हाइकासमोर माझा ड्रोन पळून गेला.

तलावाकाठच्या विश्रामगृहाच्या हिरवळीवरून तो छान वर चढला, लाल कौलांचे चार फोटो काढले, आणि मी परत बोलावायचं बटण दाबलं तर माझ्याकडे पाठ फिरवून थेट तलावाच्या मध्याकडे निघाला. अवकाळी भुरभुर होती, पाण्यावर धुकं होतं. बघता बघता तो दिसेनासा झाला, नुसती गुणगुण ऐकू येत राहिली.

"तिकडे कुठे चालला तो?" मालकीणबाईंनी छत्री तिरकी करून विचारलं.

"तलावाचाही एक घेते," मी म्हटलं.

चूक माझीच होती. उडवण्याआधी ड्रोनला थोडा वेळ जमिनीवर स्वस्थ बसू द्यावं लागतं. तो उपग्रह शोधतो, आपण कुठे आहोत ते ओळखतो आणि त्या जागेला आपलं घर मानतो. परत बोलावलं की तिथेच येतो. मालकीणबाईंनी घड्याळ बघितलं म्हणून मी घाई केली, आणि ड्रोन होता जुना, कुणीतरी वापरून विकलेला. नवं घर सांगितलं नाही, म्हणून तो निघाला जुन्या घरी. पण तलावाच्या मधोमध घर कुणाचं असतं?

मी काठाकाठाने धावत सुटले. धुकं जरा विरळ झालं तेव्हा एक नाव दिसली. नावेत एकजण उभा होता, वर बघत... जणू त्याला माहीत होतं की हा येणार. ड्रोन सावकाश खाली आला आणि फळीवरचा डबा काढावा तसा त्याने तो दोन्ही हातांनी उतरवून घेतला.

नाव पायऱ्यांना लागली. पाणीपुरवठा खात्याचा बिल्ला, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, उन्हाने रापलेला चेहरा. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तो चेहरा पांढराफटक पडला. ड्रोन हातातून सुटता सुटता राहिला.

"हा पिवळा रेनकोट..." तो म्हणाला. "कधी घेतलात?"

"काल. का? शोभत नाही?"

"शोभतो," तो हळूच म्हणाला. "तेच तर वाईट आहे."

माझं आजवर असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी तोंडभर हसले. तो हसला नाही. ड्रोन माझ्या हातात देताना एका पंख्यावरच्या हिरव्या चिकटपट्टीवरून त्याने बोट फिरवलं, आणि म्हणाला, "या काठाला येत जाऊ नका."

अर्थात, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले.

धंद्याचं म्हणाल तर तो पाण्यातच होता. दादाचा एक मित्र ड्रोन विकत घ्यायला टपलेला, आणि दादा रोज जेवताना विचारायचा, "मग, आज कुणाच्या टाकीत डोकावलीस?" पावसापर्यंत एक तरी कायमचं गिऱ्हाईक मिळालं नाही तर ड्रोन मित्राला आणि मी काकांच्या दुकानात, असं ठरलं होतं. वहिनी तेवढी माझ्या बाजूने. पण गिऱ्हाईक व्हायला वहिनीचा काही कारखाना नव्हता.

मी सगळीकडे फिरले. जमिनीचे व्यवहार करणारा दलाल म्हणाला, "ताई, वरून फोटो काढला तर मागचा नाला दिसेल हो." फरशीच्या कारखानदाराने छपराची तपासणी नको म्हटलं, कारण छपराचं काय झालंय ते त्याला ठाऊक होतं आणि भागीदाराला कळायला नको होतं. मैदानावरच्या प्रशिक्षकाने पोरांच्या खेळाचे फोटो काढून घेतले आणि खांदा थोपटून निरोप दिला. एका ठिकाणी तर माझ्या हातातला रिमोट बघून साहेब म्हणाले, "द्या जरा, मी उडवून बघतो." मी सरळ उठून आले. रिमोट मी कुणाच्या हातात देत नाही. दादाच्याही नाही. लोकांना हा माज वाटतो, पण वर गेलेली वस्तू आपल्या बोटांवर जगत असते. ती बोटं दुसऱ्याची कशी चालतील?

या सगळ्यात सकाळ मात्र माझी होती. सकाळी तो पायऱ्यांपाशी यायचा, दगडावर रंगवलेल्या आकड्यांवरून तलावाची पातळी बघायचा आणि मग नावेने, जिथून पाणी उपसतात त्या मनोऱ्यापर्यंत जायचा. मी सरावाच्या निमित्ताने जायचे. मी त्याला पाणीवाला म्हणायचे, तो मला पायलट.

"आज किती उतरलं, पाणीवाले?"

"बोटभर."

"मग तोंड का एवढं उतरलंय?"

तो थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरायचा. स्वतः दोन पायऱ्या खाली बसायचा... नेहमी माझ्या आणि पाण्याच्या मधे. मी एक पायरी उतरले की तो बोलता बोलता थांबायचा. एकदा त्याने कागदात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. निळा रेनकोट.

"पिवळा आहे की माझ्याकडे."

"हा घाला. निळा... निळा चांगला दिसेल तुम्हाला."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"नसेल चांगला दिसत," तो म्हणाला. "तरी घाला."

आता एवढ्या आर्जवाने कुणी काही मागितलं की माझ्यासारखीचं काय होणार? मी पुरती विरघळले. तरी निळा घातला नाही. स्वभाव.

पण एक सांगते. त्या तलावात काहीतरी होतं. मी ड्रोनला नीट बसू द्यायचे, घर सांगायचे, मगच उडवायचे. वर तो शहाण्यासारखा वागायचा. मात्र एका जागी स्थिर ठेवला की हळूहळू, माझ्या बोटांना न विचारता, तोंड वळवायचा. नेहमी त्याच बाजूला. घरी फोटो उघडले की प्रत्येकाच्या कोपऱ्यात पाण्याखाली एक काळा चौकोन. विश्रामगृहाचा फोटो असो की झाडांचा, चौकोन हजर.

वहिनीने एकदा वाकून पाहिलं. "हे काय गं? तलावाचं झाकण?"

मी हसले. मग माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघी उगाचच खालच्या आवाजात बोलतोय.

उन्हाळा चढला तशी मालकीणबाईंनी मला बोलावलं. धरणाच्या आधी तिथे वस्ती होती. पाणी खूप उतरलं की तिचं एखादं छप्पर वर येतं आणि ते बघायला पाहुणे येतात. "मला त्याचा फोटो हवा," त्या म्हणाल्या, "पण जवळून, असा की बघणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे. जमला तर माझ्या तिन्ही विश्रामगृहांचं काम वर्षभर तुझ्याकडे."

मी धावतच पायऱ्यांवर गेले. काठावरून ते छप्पर लांब पडत होतं. नाव हवी होती, आणि नाव एकाच माणसाकडे होती.

"नाही," पाणीवाला म्हणाला.

"अर्धा तास फक्त."

"नाही म्हटलं ना."

"ड्रोन जाईल माझा. दादा विकून टाकेल."

"जाऊ दे."

इतका राग मला कधी आला नव्हता. "एवढे दिवस चहा पाजलात तो कशासाठी? माझं काम म्हणजे तुम्हाला पोरखेळ वाटतो का?"

त्याने खिशातून फोन काढला, एक फोटो उघडला आणि माझ्याकडे न बघता फोन माझ्या हातात दिला.

वरून काढलेला फोटो. चारी बाजूंनी काळं पाणी, मधे एक चौकोनी गच्ची, आणि गच्चीवर पिवळ्या रेनकोटातली एक मुलगी, मान वर करून बघणारी.

ती मी होते.

"मी तिथे कधी गेलेच नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"मागच्या वर्षीचा आहे," तो म्हणाला. "हा ड्रोन माझा होता. ती हिरवी पट्टी मीच चिकटवलेली. आमच्या आत्याची नजर जात चाललीय. तिचं लहानपण त्या घरात गेलं. पुरती जाण्याआधी एकदा गच्ची बघायची होती तिला. तलाव भरलेला होता, पण वरून दिसेल असं वाटलं. नेमकी त्या गच्चीच्या वर नाव नेली आणि नावेतूनच उडवला. गच्चीवर दोन पुरुष पाणी होतं, पायलट. फोटोत मी दिसायला हवा होतो, माझी नाव दिसायला हवी होती. दिसली ती तू."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"मला वाटलं बुडालेली मुलगी आहे कुणी. पोलिसांत विचारलं, काठावरच्या घराघरांत विचारलं. कुणी हरवलं नव्हतं. मग भीतीने ड्रोन विकून टाकला. रोज पाणी बघायला जायचो, पण खरं म्हणजे तुला शोधत होतो. आणि त्या दिवशी धुक्यातून ड्रोन आला. मागोमाग तू आलीस. कालच घेतलेल्या रेनकोटात." त्याने कपाळ चोळलं. "म्हणजे ते झालेलं नव्हतं. व्हायचं होतं. आधी मला तुझी भीती वाटायची. आता तुझ्यासाठी वाटते. बुडालीस तर मी काय करू, सांग?"

एवढं सरळ मला कुणी कधी काही सांगितलं नव्हतं. आतून काहीतरी भलतंच सुखावलं होतं. मी पुन्हा फोटोकडे पाहिलं. या वेळी माझ्या कामाच्या नजरेने.

"आत्याला दाखवलास हा?"

"दाखवला. म्हणाली, पोरगी बरी आहे, जरा हडकुळी आहे."

"इथे बघ," मी फोटो मोठा केला. "सावली बघ माझी. पायाशी, कशी काळी आणि रेखीव पडलीय. पाण्याखाली अशी पडत नाही. केस बघ, सगळे एका बाजूला उडालेत. पाण्याखाली वारा कुठला? मी बुडालेली नाहीये. कोरड्या गच्चीवर उभी आहे. आणि हसतेय."

तो जवळ सरकला. इतका की त्याचा श्वास माझ्या कानाशी लागत होता.

"आणि हात बघ," मी म्हटलं... आणि थांबले. फोटोतल्या माझ्या दोन्ही हातांत काहीच नव्हतं.

"हातांचं काय?"

"रिकामे आहेत. मग ड्रोन कोण उडवतंय?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि 'नाही' म्हणणं त्याने सोडलं.

गच्ची पूर्ण वर आली त्या दिवशी आम्ही निघालो. पिवळा रेनकोट मी मुद्दाम घातला होता. रिमझिम होती, पाणी गुळगुळीत आणि काळं होतं, आणि वल्ह्यांचा आवाज सोडला तर कसलाच आवाज नव्हता. पक्षीसुद्धा नाही. पाण्याखालून भिंती सरकत होत्या, एक दार उघडं होतं. मी खाली बघायचं बंद केलं आणि त्याच्या मनगटांकडे बघत बसले.

गच्चीवर गाळ सुकून भेगाळला होता. त्याने मला हात धरून चढवलं आणि सोडताना बोटं उगाच रेंगाळली. मी आधी काम केलं. ड्रोन नीट बसवला, घर सांगितलं, मालकीणबाईंसाठी दहा बाजूंनी फोटो काढले. अंगावर काटा यावा असेच आले. मग पाऊस थांबला. ढग फाटून ऊन पडलं, वारा सुटला आणि माझे केस एका बाजूला उडाले.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"परत जाऊ या," नावेतून तो म्हणाला. "मिळाले ना फोटो. बास झालं."

मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या फोटोतली मुलगी हसत होती आणि ती का हसत होती ते मला समजून घ्यायचं होतं. मी वाकले आणि रिमोट त्याच्या हातात ठेवला.

त्याने रिमोटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू तर कुणाला देत नाहीस."

"नाही देत."

"मग..."

"मग काय? आता मीच सगळं बोलू?"

त्याने नाव थोडी लांब नेली. ड्रोन सरळ माझ्या डोक्यावर येऊन थांबला. "पायलट," त्याने पाण्यावरून हाक मारली. आवाज चिरकला होता. "माझ्याशी लग्न करशील का? म्हणजे... तू जिवंत आहेस तोवर विचारून घेतो."

मी मान वर केली आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. फोटो निघाला.

हुबेहूब तोच. सावली, केस, रिकामे हात. आणि मी जिवंत होते. तो नाव गच्चीला लावून वर चढला आणि कठड्याला टेकून लहान मुलासारखा रडला. मी त्याचं डोकं छातीशी धरून ठेवलं.

"आता दोघांचा एक," मी म्हटलं. रिमोट माझ्याकडे घेतला, ड्रोन वर नेला, तो माझ्या शेजारी उभा राहिला. दोघांनी वर पाहिलं. ड्रोन मग आपणहून खाली येऊन आमच्या पायाशी बसला. परत बोलावायचं बटण मी दाबलंच नव्हतं.

मी फोटो उघडला. आधी मी पाहिला, मग त्याच्यापुढे धरला.

काळं पाणी, चौकोनी गच्ची, मी आणि तो. आमच्या दोघांच्या मधे, दोघांचं एकेक बोट घट्ट धरून, गुडघ्याएवढं कुणीतरी उभं होतं. अंगात पिवळा रेनकोट, बाह्या हातांपेक्षा लांब. तेही वर बघत होतं.

मी माझ्या शेजारी पाहिलं. भेगाळलेला गाळ होता, बाकी काही नाही.

"हे... कोण?" तो म्हणाला.

"मला काय विचारतोस? आधी दादाशी बोलायला ये."

मालकीणबाईंना सगळे फोटो दिले, ते दोन सोडून. वर्षभराचं काम मिळालं. दादा आता जेवताना टाकीबद्दल विचारत नाही, पाणीवाल्याबद्दल विचारतो. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही परतलो आणि पायऱ्यांवर बसलो, तेव्हा त्याने थर्मास उघडला, मी झाकण पुढे केलं, आणि मग माझ्या लक्षात आलं. दोघांच्या मधे आम्ही थोडीशी जागा सोडली होती.