दुसरं गाणं

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, मध्येच नको. माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलंय हे. गेल्या ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा. जुनं थिएटर सोमवारी पाडणार होते आणि मेव्हण्याचा विजेवरचा ऑर्गन तिथं स्टेजमागे धूळ खात पडला होता. तो आणायला मेव्हणा गेला. वीज आधीच तोडलेली. हातात टॉर्च.

तरुणपणी चौघांचा बँड होता त्यांचा. फुलाफुलांचे शर्ट, फिरते रंगीत दिवे, धूर, गिटारचे उलटे वाजवलेले सूर. त्यांचं 'जांभळं ऊन' तेव्हा न्हाव्याच्या दुकानापासून कॉलेजच्या कँटीनपर्यंत वाजायचं. गाणाऱ्याला सगळे काजवा म्हणायचे. पण पुढं लोकांना तेवढंच हवं असायचं. दुसरं काही सुरू केलं की शिट्ट्या, बाटल्या. याच स्टेजवर काजव्यानं हट्टानं नवं गाणं धरलं आणि पब्लिकनं त्याला अर्ध्यातच पळवलं. तो पुन्हा आलाच नाही. बँड मोडला. वर्षभरात दारूनं काजवा गेला. मेव्हणा त्याच्या मयतालाही गेला नाही. जन्मभर पंखे दुरुस्त करत त्याला शिव्या घालत राहिला.

तर ऑर्गनवरचं कापड ओढलं, आणि स्टेजवरून आवाज आला. 'जांभळं ऊन'. काजव्याचाच आवाज, किंचित नाकातला.

मेव्हणा भ्याला नाही. त्याचं डोकंच फिरलं.

"बंद कर ते. मेल्यावरसुद्धा तेच? ज्याच्यापायी आमचं वाटोळं केलंस, ते म्हण की."

आवाज थांबला.

टॉर्च विझली.

"त्या रात्री तू मध्येच वाजवायचं सोडलं होतंस..." अगदी कानाशी.

"सोडलं. बाटल्या तुला एकट्यालाच लागत होत्या का? म्हण आता."

मग... दुसरं गाणं. हळू. जिथं त्या रात्री तोडलं होतं, तिथं येऊन अडखळलं...

"थांबतोस काय, नालायका," मेव्हणा म्हणाला. दात आवळलेले, गाल ओले. बोटं ऑर्गनवर गेली. वीज नव्हती. तरी सूर निघाला.

काजवा पुढं गेला. शेवटपर्यंत.

मग काहीच नाही. शिट्टी नाही. टाळी नाही. फक्त समोरच्या अंधारात कुणीतरी रोखलेला श्वास सोडला. एकानं नाही...

मेव्हण्यानं मान वर केली नाही. ऑर्गन तिथंच टाकून तो मागच्या दारानं निघाला.

सोमवारी मजूर आत शिरले. तिथल्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटते. त्या सकाळी पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत सगळ्या बैठका खाली होत्या.

एका मजुरानं एक उचलून पाहिली.

उचलेना.